खाकीतले दोन बाप
'शक्ती' (१९८२) आणि 'अर्धसत्य' (१९८३) यांच्यात अंतर जेमतेम वर्षाचे. दोन्हींत पोलीस बाप आणि दुखावलेला मुलगा. अमरीश पुरी एकात खलनायक, दुसऱ्यात चक्क बाप.

सलीम-जावेद यांच्या 'शक्ती'त मुलाच्या बदल्यात कैदी सोडायला बाप फोनवर नकार देतो, आणि पळवलेला मुलगा ते ऐकतो. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे त्या एका वाक्याचे चढत गेलेले व्याज. कायदा मात्र निष्कलंक राहतो. किंमत घर मोजते. मनातले सारे अखेर बोललेही जाते, बापाची गोळी लागल्यावर का होईना.

श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून तेंडुलकरांनी लिहिलेल्या 'अर्धसत्य'मध्ये हा दिलासा नाही. हवालदार बाप आईला मारत असताना लहानपणी मुकाट राहिलेला अनंत वेलणकर फौजदार होतो, रामा शेट्टीपुढे पुन्हा तसाच हतबल ठरतो. तो संताप कोठडीतल्या एका किरकोळ संशयितावर उतरतो. माणूस मरतो. त्याच्याजवळ टाळ्यांचा संवाद नाही. दिलीप चित्रे यांची कविता तो वाचतो, तेही पुस्तकातून, अडखळत. पुढे रामा शेट्टीचा गळा आवळून तो स्वतःच ठाण्यात हजर होतो.