पुणें–हैदराबाद: अंतर, प्रवासकाल व कुर्डुवाडीचें ठिकाण

जुनीं पत्रें तपासतांना 'हें पत्र इतक्या दिवसांत पोहोंचणें शक्य होतें काय?' हा प्रश्न वारंवार पुढें येतो. त्याचें उत्तर चुकलें तर अस्सल कागद बनावट ठरतो, किंवा बनावट कागद अस्सल म्हणून दप्तरांत शिरतो. यास्तव पेशवाई व निजामशाही या दोन निराळ्या राज्यांच्या राजधान्यांमधील मार्गाचा विचार आम्ही येथें करीत आहों.

प्रथम अंतर. सोलापुरावरून जाणाऱ्या आजच्या सडकेनें तें सुमारें ५६० किलोमीटर भरतें. जुन्या कागदांत अंतर कोसांत येतें. परंतु कोस हें सर्वत्र एकच माप नव्हतें. दोन मैलांचा कोस धरल्यास हा मार्ग सुमारें १७५ कोसांचा होतो, दीड मैलाचा धरल्यास सुमारें २३० कोसांचा. दोन मैलांच्या कोसानें रोजची मजल दहा कोस धरली तर अठरा दिवस लागतील. वीस कोस धरली तर नऊ. हें केवळ गणित होय. पावसाळ्यांत भीमा व सीना भरून उतार बंद झाले म्हणजे तें लागू पडत नाहीं.

दुसरी अडचण कालगणनेची. खर्ड्याची लढाई ११ मार्च १७९५ रोजीं झाली. त्या दिवशीं शके १७१६, शुहूर सन ११९५ म्हणजे खमस तिसैन मया व अलफ, फसली १२०४ व हिजरी १२०९ हीं वर्षें चालू होतीं. शुहूर व फसली यांत नऊ वर्षांचें अंतर आहे. नुसता 'सन' पाहून वाचणारा तितकाच चुकतो. शिवाय चंद्राची तारीख सूर्यास्तापासून सुरू होते, तर तिथीचा वार सूर्योदयापासून. सबब प्रवासकालांत एका दिवसाची तफावत आढळल्यास तेवढ्यानें पत्र संशयित मानूं नये.

रेल्वेनें हा हिशेब पालटला. लोहमार्ग सन १८६० त सोलापुरास पोहोंचला व सन १८७४ त वाडीवरून हैदराबादेचा मार्ग खुला झाला. आठवड्यांचा प्रवास दिवसांवर आला. या मार्गावर पुण्यापासून सुमारें १८५ किलोमीटरवर कुर्डुवाडी आहे. तेथील स्टेशनाचें पूर्वींचें नांव 'बार्शी रोड'. प्रत्यक्ष बार्शी तेथून सुमारें ३५ किलोमीटर दूर. सन १८९७ त या दोहोंस अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वेनें जोडलें, व सन १९११ त तीच लाइन निजामाच्या मुलुखांतील लातुरास गेली. म्हणून त्या काळच्या पत्रांत 'बार्शी रोड' आल्यास लेखक बार्शीस होता असें समजूं नये.

वेळेविषयींही सावध असावें. रेल्वे मद्रास वेळेनें चाले, मुंबई शहर आपल्या वेळेनें. दोहोंत अर्ध्या तासाचा फरक असे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईंत जुनी वेळ पुढेंही कांहीं वर्षें टिकली.

तात्पर्य, संग्राहकांनीं पत्राबरोबर त्याचा लिफाफा, टपालाचा शिक्का व पाठीवरील पोहोंचल्याची नोंद अवश्य राखावी. मजकूर एकट्यानें साक्ष देत नाहीं. निघाल्याची व पोहोंचल्याची मिति जुळली म्हणजेच ती पुरी होते.