टायमिंग बेल्ट बदलताना...

आयसी इंजिन्सच्या पेपरात 'व्हॉल्व्ह टायमिंग डायग्रॅम' हमखास येतो. आपण कंपासने गोल काढतो, टीडीसी-बीडीसी लिहितो, इनलेट व्हॉल्व्ह टीडीसीच्या दहा अंश आधी उघडतो असं दाखवतो आणि मार्क घेऊन मोकळे होतो. पण गाडीत हे अंश सांभाळतं कोण? आमच्या मारुती ८०० मध्ये ते काम करतो एक रबरी दातेरी पट्टा. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला घरच्या अंगणात मी आणि बाबांनी तो बदलला. दोघांचीही पहिलीच वेळ. त्यातून जे समजलं ते सगळ्यांना सांगावं म्हणून हा लेख.

एक खुलासा आधीच करते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे स्पॅनरला 'पाना' आणि सॉकेटला 'गोटी' म्हणतात हे मला नाक्यावरच्या गॅरेजवाल्या काकांनी शिकवलं. या लेखात शब्द त्यांचेच आहेत.

बेल्ट करतो काय?

इतर ब्रँचवाल्यांसाठी थोडक्यात. फोर स्ट्रोक इंजिनात पिस्टन खाली-वर होतो आणि क्रँकशाफ्ट फिरवतो. वर असतो कॅमशाफ्ट, तो व्हॉल्व्ह उघडतो. चार स्ट्रोक म्हणजे क्रँकचे दोन फेरे, आणि तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो. म्हणून क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक फेरा व्हायला हवा. हा दोनास एक हिशेब पूर्वीपासून गिअर किंवा चेन ठेवत आली. १९६२ साली जर्मनीतल्या ग्लास कंपनीने १००४ या गाडीत त्यासाठी दातेरी रबरी बेल्ट आणला. बेल्ट हलका, आवाज कमी, वंगणाची गरज नाही. मग तो जगभर पसरला.

साध्या पट्ट्याला दात नसतात, तो थोडासा घसरला तरी चालतं. फॅन बेल्ट घसरला तर किंचाळतो, एवढंच. टायमिंग बेल्ट एक दातसुद्धा घसरून चालत नाही. समजा कॅमच्या चाकाला ४० दात आहेत. एक दात चुकला तर कॅम ९ अंश चुकला, म्हणजेच क्रँकच्या भाषेत १८ अंश! पेपरात आपण दहा अंशांसाठी मार्क घेतो, इथे एका दातात त्याच्या जवळजवळ दुप्पट गेले. आणि बेल्ट तुटलाच तर कॅम थांबतो, पिस्टन मात्र चालूच राहतात. ज्या इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह यांची जागा एकच असते, तिथे पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. डिझेलमध्ये वर जागाच इतकी कमी असते की हे जवळपास ठरलेलं.

मग बदलायचा कधी?

चेन झिजली की खडखड करते. बेल्ट बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. रबर वयानेही म्हातारं होतं, म्हणून कंपन्या किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्ही मर्यादा देतात. जी आधी येईल ती खरी. मारुती ८०० हे मॉडेल १९८३ ते २०१४ इतकी वर्षं बनत होतं. आमची गाडी सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाकडे सर्व्हिसची वही नव्हती, बेल्ट कधी बदलला ते कुणालाच सांगता येईना. याच गाडीतून बाबा आजीला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला नेतात. घाटात, आजी मागे बसलेली असताना इंजिन बंद पडलं तर काय, हा प्रश्न आईने विचारला आणि विषय संपला.

मी म्हटलं, "बाबा, आपणच करू या ना." बाबा म्हणाले, "कर. पण सोमवारी सकाळी आजीची अपॉइंटमेंट आहे. रविवारी रात्रीपर्यंत गाडी चालू झाली पाहिजे, एवढं लक्षात ठेव."

काम

बेल्टबरोबर टेन्शनर आणि कॅम-क्रँकचे ऑइल सीलही नवे आणले. कारण सील गळला तर तेल बेल्टवर येतं आणि नवा बेल्टही लवकर खराब होतो. काही गाड्यांत वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो. तिथे पंपही तपासून घ्यायचा. एवढं सगळं पुन्हा कोण उघडणार?

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं एक चाक काढून गाडी घोडीवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, हा काकांचा पहिला नियम. गाडीला एसी नाही, त्यामुळे आडवा येणारा एकच फॅन बेल्ट होता. क्रँक पुलीचे बोल्ट जाम होते. काकांची युक्ती अशी की गाडी टॉप गिअरमध्ये टाकायची आणि एकाने ब्रेक घट्ट दाबून धरायचा, म्हणजे इंजिन फिरत नाही. बाबांनी ब्रेक दाबला, मी पान्याला पाइप लावला आणि बोल्ट सुटले. मग कव्हर काढल्यावर बेल्ट दिसला. पाठीवर बारीक भेगा होत्या.

आता खरा भाग. गाडी न्यूट्रलमध्ये आणली. तिन्ही स्पार्क प्लग काढले, म्हणजे कॉम्प्रेशन नाही आणि इंजिन हाताने सहज फिरतं. क्रँकच्या मधल्या बोल्टला गोटी लावून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच फिरवायचं, उलटं नाही. चाकांवर खुणा असतात. एक कॅमच्या चाकावर, तिची जोडीदार मागच्या कव्हरवर. दुसरी क्रँकच्या चाकावर, तिची जोडीदार ऑइल पंपाच्या अंगावर. दोन्ही जोड्या एकाच वेळी जुळवायच्या. इथे गंमत आहे. क्रँकची खूण दर फेऱ्याला जुळते, कॅमची मात्र एक सोडून एक. म्हणून नुसती क्रँकची खूण पाहून खूश व्हायचं नाही! दोन्ही जुळल्यावर मोबाइलवर फोटो काढले आणि खुणांवर आईच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले.

टेन्शनर सैल करून जुना बेल्ट काढला. बेल्ट निघाल्यावर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांमुळे कॅम एकदम उडी मारू शकतो, तेव्हा त्याला पान्याने धरून ठेवायचं. सील आणि टेन्शनर बदलून झाले की नवा बेल्ट आधी क्रँकवर, मग टेन्शनर नसलेली बाजू ताठ ठेवून कॅमवर. जी काही ढिलाई असेल ती टेन्शनरच्या बाजूला आली पाहिजे. मग टेन्शनर मोकळा सोडायचा, स्प्रिंग त्याला बेल्टवर ढकलते.

हाताचे दोन फेरे

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. टेन्शनर पक्का करण्याआधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा. त्याने ढिलाई निघून जाते. मग टेन्शनर घट्ट करून पुन्हा दोन फेरे, आणि खुणा तपासायच्या. दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटला. मध्ये कुठे काही आदळत असेल तर हात अडतो. अडला की थांबायचं, जोर लावायचा नाही. स्टार्टर मोटरला मात्र हात नाही, ती अडथळा ओळखत नाही. हाताने चूक सापडली तर फक्त बेल्ट पुन्हा बसवावा लागतो; स्टार्टरने सापडली तर हेडच उघडावं लागतं.

आमच्या खुणा जुळल्या. तरी बाबा म्हणाले, "अजून दोन फेरे." फिरवले. पुन्हा जुळल्या. मग कव्हर, पुली, फॅन बेल्ट, प्लग, चाक, बॅटरी. बोल्ट काकांच्या टॉर्क रेंचने आवळले. रविवारी संध्याकाळी किल्ली बाबांनी फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. सोमवारी आजी वेळेवर पोचली.

आता सल्ला. ज्यांच्या गाडीच्या इंजिनाला दोन किंवा जास्त कॅमशाफ्ट आहेत, किंवा डिझेल आहे, त्यांनी पहिला प्रयोग त्यावर करू नये. त्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल समोर नसेल तर कुणीच करू नये. आणि काम झाल्यावर एका कागदावर तारीख आणि किलोमीटर लिहून तो बॉनेटच्या आत चिकटवा. आमच्या गाडीत आता तो आहे. ती पुढे कुणी घेतली तर बेल्ट कधीचा आहे हे त्याला कुणाला विचारावं लागणार नाही.