डूममध्ये एकही दार नाही

१९९३च्या डिसेंबरात आलेल्या ‘डूम’ या गेममध्ये दार उघडताना ते छताकडे सरकतं. खेळताना त्यात काही वावगं वाटत नाही. पण तोच मॅप एडिटरमध्ये उघडला की कळतं, दार नावाची वस्तूच तिथे नाही. आहे ती हातभर रुंदीची एक खोली, आणि तिचं छत जमिनीला टेकवून ठेवलेलं. बटण दाबलं की छत वर जातं, आपण त्या खोलीतून पलीकडे जातो, मागे छत पुन्हा खाली येतं. लिफ्टचंही तसंच, फक्त तिथे छताऐवजी जमीन हलते. जिना म्हणजे क्रमाक्रमाने उंच होत गेलेल्या चिंचोळ्या खोल्यांची रांग. त्यातली एखादी पायरी २४ एककांपेक्षा जास्त उंच झाली की खेळाडूच्या लेखी ती पायरी उरत नाही, भिंत होते.

हे पोटातलं सगळं आज कुणालाही चाचपता येतं, कारण डूमचा प्रोग्रामर जॉन कार्मॅक आणि त्याच्या इड सॉफ्टवेअर कंपनीने आपले जुने गेम कोडसकट लोकांच्या हवाली केले: डूमचा कोड १९९७ साली, क्वेकचा १९९९ साली, क्वेक ३चा २००५ साली. कोड खुला झाला तरी राक्षसांची चित्रं, आवाज आणि मूळ मॅप कंपनीकडेच राहिले. मग हौशी मंडळींनी ती पोकळी भरायला घेतली. डूमच्या कोडवर चालणारं ‘फ्रीडूम’ आणि क्वेक ३च्या कोडवरचं ‘ओपनअरीना’ त्यातूनच आले. पहिल्या क्वेकच्या वंशातलं ‘झोनोटिक’ २०१०पासून चालू आहे. हे सगळे गेम फुकट उतरवून घेता येतात आणि खेळायला झकास आहेत. तरी खरी गंमत त्यांच्या एडिटरमध्ये आहे असं माझं मत. जग नेमकं कशाचं बनलंय, या प्रश्नाला प्रत्येक एडिटरचं उत्तर वेगळं आहे.

डूमचं उत्तर: रेषांचं. एडिटरमध्ये वरून पाहिलेला सपाट आराखडा दिसतो. रेषा ओढून खोली बंदिस्त करायची आणि तिला दोन आकडे द्यायचे, जमीन किती उंचीवर आणि छत किती. एवढ्यात झालं. मूळ डूममध्ये एका खोलीवर दुसरी खोली बांधता येत नाही, कारण आराखड्यातल्या एका जागेला जमीन एकच आणि छतही एकच. त्या काळच्या कॉम्प्युटरला हे पेलावं म्हणून कार्मॅकने फुक्स, केडेम आणि नेलर यांच्या १९८०च्या शोधनिबंधातली युक्ती उचलली. मॅप आधीच चिरत चिरत लहान तुकड्यांत वाटून ठेवायचा, म्हणजे खेळाडू कुठेही असला तरी कुठली भिंत जवळ आणि कुठली लांब हे तिथल्या तिथे शोधत बसावं लागत नाही.

क्वेकमध्ये वर-खाली खोल्या आल्या, पूल आले, आणि खोली नावाची चीज गेली. तिथे सुरुवातीला असते अथांग पोकळी. तिच्यात भरीव ठोकळे ठेवायचे. त्यांना ब्रश म्हणतात. सहा ब्रश जोडले की मधे खोली तयार होते. ब्रशला आत वळलेला खळगा चालत नाही, त्यामुळे एल आकाराची भिंत हवी तर दोन ब्रश लागतात. मॅपची फाइल साध्या अक्षरांत असते, नोटपॅडमध्येही उघडते. तिच्यात प्रत्येक पृष्ठभागासाठी एक ओळ: तीन बिंदू आणि पुढे टेक्स्चरचं नाव. साधं खोकं असेल तर सहा ओळी. तीन बिंदूंतून एक अमर्याद सपाट पातळी ठरते, आणि अशा सहा पातळ्यांमधे जे कोंडलं जातं ते खोकं. त्याचे आठ कोपरे फाइलमध्ये लिहिलेलेच नसतात. पातळ्या एकमेकींना छेदतात तिथे ते आपोआप सापडतात!

ब्रश रचून झाले तरी मॅप खेळता येत नाही, आधी तो कंपाइल करावा लागतो. नव्या मॅपवाल्याचा घाम इथे निघतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगनंतर पाणी तुंबवून गळती बघतात, तसं कंपाइल करणारा प्रोग्राम आत ठेवलेल्या वस्तूंपासून रिकामी जागा भरत सुटतो. कुठे दोन ब्रशांमधे केसभर फट राहिली असेल तर तो बाहेरच्या पोकळीत पोचतो आणि ‘लीक’ म्हणून ओरडतो. एक मेहेरबानी मात्र करतो. आतल्या वस्तूपासून फटीतून बाहेर गेलेली वाट तो लिहून ठेवतो, आणि ‘ट्रेंचब्रूम’सारखा एडिटर ती मॅपवर रेघ ओढून दाखवतो. रेघ धरून गेलं की चोर सापडतो.

गळतीचा एवढा बाऊ कशासाठी? पुढच्या पायरीसाठी. ‘विस’ हा प्रोग्राम मॅपच्या प्रत्येक तुकड्याबद्दल एक हिशेब मांडतो: या तुकड्यात कुठेही उभं राहून कुठेही पाहिलं, तर बाकीच्यांपैकी कोणते दिसण्याची शक्यता आहे? ते शून्य-एकच्या यादीत नोंदवून ठेवलं जातं. खेळताना गेम ही यादी बघतो आणि जे दिसणं शक्यच नाही ते रंगवायच्या फंदात पडत नाही. हिशेब किचकट असतो, मोठ्या मोकळ्या मॅपला तासन्‌तास लागू शकतात. आणि बाहेरची पोकळीच आत शिरली असेल, तर आडोसा कशाला म्हणायचं?

वाउटर व्हॅन ऊर्टमर्सन या प्रोग्रामरला ही वाट बघणं नको होतं. त्याच्या ‘क्यूब’ने आणि २००४च्या ‘साउअरब्राटन’ ऊर्फ क्यूब २ने कंपाइल करणंच काढून टाकलं. साउअरब्राटनमध्ये वेगळा एडिटर नाही. खेळता खेळता ‘ई’ दाबा, तुम्ही एडिटरमध्ये. समोरच्या भिंतीचा चौकोन निवडून माउसचं चाक फिरवा, भिंत पुढे येते किंवा आत जाते. पुन्हा ‘ई’ दाबून त्यावर उडी मारा. नेटवर्कवर चारजण मिळून एकाच वेळी एकच मॅप बांधू शकतात, आणि एकाने उभारलेला मनोरा दुसऱ्याला त्याच क्षणी दिसतो.

हे जमतं, कारण इथे सगळं जग म्हणजे एकच घन. त्याचे आठ भाग होतात, हव्या त्या भागाचे पुन्हा आठ, असं खाली खाली. लहान मॅपची बाजू १०२४ एकक असते. तेवढ्यात बारीक घन मोजायचे तर १०७ कोटींहून जास्त भरतील. पण आकाशाचा मोठा भाग एका रिकाम्या घनात भागतो. विभागणी तिथेच होते जिथे कुणीतरी काही कोरलंय. घनाच्या बारा कडांची टोकं आत ओढता येतात, त्यातून उतार आणि कमानी निघतात. एक भिंत हलली तर तेवढीच फांदी बदलते.

किंमत मोजावी लागतेच. विचित्र कोनात तिरकी गेलेली लांब भिंत ब्रशने चुटकीसरशी होते, घनांनी करताना जीव मेटाकुटीला येतो. नाजूक नक्षी बाहेर बनवलेल्या मॉडेलमधून आणावी लागते. आडोशामागे काय लपलंय हे साउअरब्राटन खेळ चालू असतानाच ग्राफिक्स कार्डला विचारतो. ते बहुतेक वेळा पुरतं. पण घरांनी दाटलेल्या मोठ्या मॅपसाठी पुढे त्यातही ‘जेनपीव्हीएस’ नावाची आज्ञा आली. ती आधीच बसून हिशेब करते, कुठून काय दिसेल याचा.