मुलामा
मंडळी, ‘मुलामा’ हा शब्द मूळचा अरबी, ‘मुलम्मा’. त्याच्या मुळाशी अर्थ आहे चकाकण्याचा. फसवण्याचा नाही बरं का! तो आपण मागून चिकटवला. पूर्वी कारागीर सोनं पाऱ्यात कालवून तांब्यावर लावायचा, विस्तवावर धरायचा. पारा उडून जायचा, सोनं तेवढं बसायचं. आत तांबं ते तांबंच. देवळाचा कळसही पुष्कळदा तसाच असतो. त्याला कोणी खोटा म्हणतं का? नाही, कारण तो सोन्याच्या भावानं विकायला बसलेला नाही. आपण गळ्यात माळ घालतो, कपाळी बुक्का लावतो, तेही वरूनच. ते आपण कोणत्या भावानं विकतो, एवढं सांगा. सराफ दागिना नुसता वरून कसोटीवर घासत नाही महाराज, आधी कानशीनं थोडा खरवडतो.