उपग्रह दूरचित्रवाणी, परदेशस्थांची

मायदेशातील दूरचित्रवाणी कार्यक्रम उपग्रहाच्या साहाय्याने परदेशातील निवासस्थानी ग्रहण करून पाहण्याची पद्धती. विषुववृत्तावर सु. ३५,७८६ किमी. उंचीवरून फिरणारा भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाशी समगती असल्याने जमिनीवरून स्थिर भासतो. त्यामुळे त्याच्याकडे एकदा रोखलेली अन्वस्ताकार तबकडी पुन्हा हलवावी लागत नाही. भूस्थानकाकडून आलेल्या संदेशांचे विवर्धन करून व त्यांची कंप्रता बदलून उपग्रह ते ठराविक भूभागाकडे परत पाठवितो. या भूभागास त्याचे व्याप्तिक्षेत्र म्हणतात.

व्याप्तिक्षेत्रास पृथ्वीच्या वक्रतेची मर्यादा असते. १९९० मध्ये सोडलेला एशियासॅट–१ हा उपग्रह १०५·५° पूर्व रेखांशावर होता. त्याच्याद्वारे १९९२ मध्ये ‘झी टीव्ही’ ही हिंदी वाहिनी सुरू झाली. आखाती देशांतून हा उपग्रह दृष्टीच्या टप्प्यात येई. लंडन व न्यूयॉर्क येथे मात्र तो क्षितिजाखाली राही. म्हणून अशा ठिकाणी भारतातील कार्यक्रम दुसऱ्या उपग्रहामार्फत वा प्रकाशीय तंतूंच्या मार्गाने नेऊन स्थानिक सेवेद्वारे पुनःप्रक्षेपित करावे लागतात. सांकेतिक रूपातील हे प्रक्षेपण वर्गणीदारास विसंकेतकाच्या साहाय्याने पाहता येते. दूरदर्शनने १९९५ मध्ये परदेशस्थांसाठी स्वतंत्र वाहिनी सुरू केली. १९९९ मध्ये सुरू झालेली ‘अल्फा मराठी’ पुढे ‘झी मराठी’ या नावाने परदेशांतही पोहोचली.

या माध्यमाचे सामर्थ्य आणि मर्यादा नाशिकच्या पंचवटीच्या उदाहरणावरून स्पष्ट होतात. गोदावरीकाठच्या या क्षेत्रातील रामकुंडावर दर बारा वर्षांनी सिंहस्थाचे स्नान होते. २०१५ च्या सिंहस्थातील येथील पहिले शाही स्नान २९ ऑगस्ट रोजी झाले. त्या दिवशी पंचवटीत पहाटेचे ५ वाजले, तेव्हा दुबईत रात्रीचे ३·३०, लंडनमध्ये १२·३० आणि न्यूयॉर्कमध्ये आदल्या सायंकाळचे ७·३० वाजले होते. उपग्रहामार्फत जाण्यायेण्यास संदेशाला सु. पाव सेकंद लागतो. म्हणजे अंतर जवळजवळ लोपले, तरी घड्याळांतील अंतर कायम राहते. घाट, गर्दी, आरती दूरस्थ नाशिककराच्या दृष्टीस पडते. परंतु त्याच रामकुंडात होणारे अस्थिविसर्जन दूरचित्रवाणीने साधत नाही. त्यासाठी कुटुंबातील कोणीतरी तेथे जावेच लागते.

भाषेच्या बाबतीतही असेच आहे. घरात वाहिनी चालू असल्यास मुलांच्या कानांवर मराठी पडते व आजी-आजोबांशी बोलण्यास समान विषय मिळतो. तथापि हे माध्यम एकमार्गी आहे. ते ऐकविते, पण उत्तराची अपेक्षा करीत नाही. सतत ऐकून भाषा समजू लागते, मात्र बोलण्याचा सराव संभाषणाविना होत नाही. यामुळे लंडनचे महाराष्ट्र मंडळ (स्थापना १९३२) व उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ (स्थापना १९८१) यांसारख्या संस्थांचे आणि तेथील मराठी शाळांचे महत्त्व दूरचित्रवाणीमुळे कमी झालेले नाही.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून आंतरजालावरील प्रक्षेपणामुळे तबकडीची गरज कमी होत गेली. कार्यक्रम सोयीच्या वेळी पाहता येऊ लागल्याने घड्याळांतील अंतराची अडचणही दूर झाली. मात्र घरातील सर्वांनी ठराविक वेळी एका पडद्यासमोर बसण्याची प्रथा त्याबरोबरच क्षीण झाली.