चढणीच्या माशांचा हिशेब

मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला, ओहोळांना तांबडं पाणी आलं, की आमच्या घोटीच्या शिवारात मासे उलटे निघतात. प्रवाहाच्या तोंडावर, बांधाच्या सांडीवरून उड्या मारत ते भाताच्या खाचरांत शिरतात. हे चढणीचे मासे. त्यांचं पोट गाभोळीनं तट्ट भरलेलं असतं. लहानपणी मी चुलत्यांबरोबर रात्री कंदील घेऊन जायचो आणि सांडीच्या तोंडाशी कामट्यांचा सापळा लावायचो. पहाटे सापळा उपसताना दर वर्षी मला एकच प्रश्न पडायचा. खाली दारणा नदीत एवढं खोल पाणी असताना हे मासे घोटाभर पाण्यात मरायला का येतात?

माझे वडील राइस मिलमध्ये दिवाणजी होते. एकदा त्यांना विचारलं, तेव्हा खतावणीतून मान वर न करता ते म्हणाले, "खोल पाण्यात पिल्लं खाणारे फार. खाचरात पिल्लं वाचतात. मासा हिशेब करून येतो रे."

पुढे मी एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं. मासा हिशेब करत नाही, हे मला आता ठाऊक आहे. पण हिशेब होतो, हेही तितकंच खरं. तो पिढ्यान्‌पिढ्या होतो आणि कोणीही न मांडता होतो. त्याला आपण नैसर्गिक निवड म्हणतो. हा हिशेब गणितात मांडणाऱ्यांमध्ये एक माणूस आपल्या पुण्याचा होता, हे मला नोकरीत दहा वर्षं झाल्यावर कळलं. त्या माणसाचं नाव माधव गाडगीळ.

गाडगीळ म्हटलं की लोकांना पश्चिम घाटाचा अहवाल आठवतो. त्या अहवालामागे एक प्राणिशास्त्रज्ञ उभा आहे आणि त्याची सुरुवात एका पक्ष्याच्या शेपटीपासून झाली, हे फार थोड्यांना माहीत असतं.

वेड्या राघूची शेपटी

माधव गाडगीळांचा जन्म २४ मे १९४२ चा. वडील धनंजयराव गाडगीळ नामवंत अर्थशास्त्रज्ञ आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक होते. घरात पक्षी पाहण्याची आवड होती. शाळकरी माधवला एकदा दिसलं, की वेड्या राघूंच्या शेपटीतून बाहेर येणारी बारीक काडी काही पक्ष्यांना नाहीच. वडिलांच्या सांगण्यावरून त्यानं थेट पक्षितज्ज्ञ सालिम अलींना पत्र लिहिलं. सालिम अलींनी उत्तर पाठवलं, की पक्षी पिसं टाकून नवी घेतात आणि त्या काळात ती काडी नसते.

वेडा राघू आमच्याकडे विजेच्या प्रत्येक तारेवर बसलेला असतो. मी तो हजार वेळा पाहिला असेल. शेपटीकडे मात्र मी कधी नीट पाहिलं नव्हतं. सगळ्या सारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांत एक वेगळा आहे, हे टिपणं ही या विद्येची पहिली पायरी आहे. एकाच जातीतले जीव एकमेकांहून वेगळे नसते, तर निवड होण्यासारखं काही उरलंच नसतं.

फर्ग्युसनमध्ये पदवी आणि मुंबई विद्यापीठातून प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन गाडगीळ अमेरिकेला हार्वर्डमध्ये गेले. तिथं मुंग्यांचे जगप्रसिद्ध अभ्यासक एडवर्ड विल्सन होते, आणि जीवशास्त्रात गणित आणणारे विल्यम बॉसर्टही होते. १९६९ मध्ये गाडगीळांना डॉक्टरेट मिळाली. १९७० मध्ये 'अमेरिकन नॅचरलिस्ट' या नियतकालिकात गाडगीळ आणि बॉसर्ट यांचा निबंध आला. सजीवांच्या जीवनक्रमावर नैसर्गिक निवडीचा काय परिणाम होतो, हा त्याचा विषय होता. आजही या शाखेतले अभ्यासक त्या निबंधाकडे पुन्हा पुन्हा वळतात.

बियाणं किती, खावटी किती

त्या निबंधातली समीकरणं बाजूला ठेवून त्यातला विचार मी मुलांना आमच्या भाषेत सांगायचो. भात झोडपून झालं, की शेतकरी धान्याच्या वाटण्या करतो. खायला किती ठेवायचं, मिलवर किती घालायचं आणि पुढच्या आवणीच्या रोपांसाठी किती राखायचं, हे तो ठरवतो. एका वाटणीत वाढवलं, की दुसऱ्या वाटणीत कमी पडतं. प्रत्येक जिवाचंही तसंच आहे. मिळालेलं अन्न आणि वेळ तीन ठिकाणी वाटावा लागतो. एक वाटा अंग सांभाळायला, एक वाढायला आणि एक पिल्लांना. यंदा पिल्लांवर जास्त खर्च केला, तर पुढच्या वर्षापर्यंत जगण्याची शक्यता कमी होते.

मग कोणता जीव किती खर्च करतो? प्रशांत महासागरातले सॅमन मासे समुद्रात वाढतात, शेकडो किलोमीटर नदी चढून येतात, एकदाच अंडी घालतात आणि मरतात. नदी चढून येण्यातच एवढं मोल मोजलेलं असतं, की थोडी अंडी घालून जीव राखण्यात फायदा उरत नाही. भातही तसंच, एका हंगामात सगळं लोंबीत घालून वाळून जाणारं. आंबा मात्र दर वर्षी थोडं थोडं देतो आणि दांडग्या खोडात शिल्लक राखतो. आमचे चढणीचे मासे आंब्याच्या बाजूचे आहेत. वाचले तर पाण्याबरोबर परत उतरतात आणि पुढच्या मृगाला पुन्हा चढतात.

या हिशेबातला कळीचा आकडा म्हणजे मरण कोणत्या वयात येतं. मोठं झाल्यावर मारले जाण्याचा धोका वाढला, तर 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणणाऱ्यांचा वंश मागे पडतो. लवकर वयात येणारे आणि असेल ते सगळं पिल्लांवर लावणारे पुढे जातात. लहानपणीच मरण जास्त असेल, तर उलट घडतं.

इथं एक गोष्ट ठासून सांगतो, कारण माझ्या प्रत्येक वर्गात तिची गल्लत व्हायची. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आहे. तो शिकून आलेली मुलंही लिहितात, की जिराफानं मान ताणली म्हणून ती लांब झाली. गरज पडली म्हणून कोणताही प्राणी आपला वंश बदलत नाही. नैसर्गिक निवडीला तीन गोष्टी लागतात. एकाच जातीतल्या जिवांत फरक हवा, तो फरक पिल्लांत उतरायला हवा, आणि त्या फरकामुळे कुणाची पिल्लं जास्त तर कुणाची कमी जगायला हवीत. यातली एक जरी नसली तरी काम होत नाही. जीव एका जन्मात बदलत नाही. बदलतं ते पुढच्या पिढीत कोणाचे वंशज किती आहेत, याचं प्रमाण.

हौदातले गप्पी

कागदावरचं गणित रानात खरं ठरतं का? याचं उत्तर ज्या माशानं दिलं तो तुमच्या ओळखीचा आहे. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्याची माणसं गावोगावच्या हौदांत आणि डबक्यांत जो सोडतात, तो गप्पी मासा.

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिका आणि त्रिनिदाद भागातला. त्रिनिदादच्या डोंगरातले ओढे धबधब्यांनी तुटलेले आहेत. धबधब्याखाली मोठाले शिकारी मासे असतात आणि ते वाढलेले गप्पी खातात. धबधब्यावर ते पोचत नाहीत. तिथं फक्त एक लहान मासा असतो, तो गप्पींची बारीक पिल्लं खातो. खालचे गप्पी लवकर वयात येतात, अंगानं लहान असतात आणि एका वेळी बरीच, पण बारीक पिल्लं देतात. वरचे उशिरा वयात येतात आणि थोडी, पण दणकट पिल्लं देतात.

१९७६ मध्ये जॉन एंडलर या प्राणिशास्त्रज्ञानं आरिपो नदीत धबधब्याखालचे सुमारे २०० गप्पी उचलले आणि वरच्या एका ओढ्यात सोडले. त्या ओढ्यात आधी गप्पी नव्हते. पुढे डेव्हिड रेझनिक यांनी त्यांचा पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये निकाल मांडला. ११ वर्षांत, गप्पींच्या ३० ते ६० पिढ्यांत, त्या माशांचे वंशज उशिरा वयात येणारे आणि अंगानं मोठे झाले होते. हा बदल केवळ चांगल्या अन्नपाण्याचा नाही ना, हे पाहायला रेझनिक यांनी दोन्हीकडच्या माशांची संतती प्रयोगशाळेत सारख्या पाण्यावर आणि सारख्या अन्नावर वाढवली. फरक टिकून राहिला, म्हणजे तो रक्तात उतरला होता.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांची, जीवाश्मांत शोधायची गोष्ट, असं मी इतकी वर्षं शिकवत आलो होतो. इथं ती एका माणसाच्या नोकरीच्या काळात, डोळ्यांदेखत घडली होती. दुसऱ्या दिवशी मी मुलांना गावातल्या हौदावर नेलं. काचेच्या बरणीत गप्पी घेऊन आम्ही माद्या आणि नर वेगळे ओळखले, पोटुशी मादी आठवडाभर बरणीत ठेवली आणि तिची पिल्लं मोजली. त्यातली एक मुलगी आज मत्स्यविज्ञानात काम करते. जाता जाता एक सूचना मात्र करतो. हौदातला गप्पी हौदातच राहू द्यावा. ओढ्यानाल्यांत गेला, तर तो आपल्या देशी माशांच्या मुळावर येतो.

काटे कशासाठी असतात

गाडगीळ १९७१ मध्ये भारतात परतले. पुण्यात त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासोबत सह्याद्रीतल्या देवराया पायी फिरून पाहिल्या. १९७३ मध्ये ते आणि त्यांच्या पत्नी, हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. बंदीपूरच्या रानात त्यांनी हत्तींचा अभ्यास केला. हार्वर्डमध्ये गणित मांडणारा हा माणूस मग आयुष्यभर रानात, माणसांशी बोलत फिरला.

त्यातली बांबूची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. सत्तरच्या दशकात उत्तर कन्नड जिल्ह्यातला बांबू झपाट्यानं कमी होत होता. ठपका गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर ठेवला जात होता. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांची दाट जाळी असते. कागद कारखान्यासाठी तोड करताना ती साफ केली जाई, कारण त्यामुळे तोड सोपी होते आणि बेट मोकळं वाढेल असाही समज होता. गावकरी गाडगीळांना म्हणाले, की हेच चुकतंय. पावसाळ्यात फुटणारे कोवळे कोंब त्या काट्यांमुळेच वाचतात. गाडगीळांनी रानात नोंदी घेतल्या आणि गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. जाळी काढलेल्या बेटांतले कोंब जनावरं खाऊन टाकत होती.

बांबूनं तो काटा उगाच वाढवलेला नव्हता. ज्या बेटांचे कोंब वाचले त्यांचा वंश टिकला, आणि काटे ही त्याचीच जमा होती. तोडणाऱ्यांनी ती एका कोयत्यात खर्ची टाकली. नैसर्गिक निवड कळलेल्या माणसाला काटा पाहिला की प्रश्न पडतो, हा कोणापासून वाचवतो? १९८४ मध्ये नरेंद्र प्रसाद यांच्यासह गाडगीळांनी बांबूच्या दोन जातींच्या जीवनक्रमावर निबंध लिहिला, त्यातही हाच धागा आहे. बांबूही सॅमनसारखा एकदाच फुलून मरणारा आहे.

२०१० मध्ये पश्चिम घाट तज्ज्ञ गटाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं आणि २०११ मध्ये अहवाल सादर झाला. रानाचं काय करायचं हे तिथल्या ग्रामसभांना विचारून ठरवा, असा त्यांचा आग्रह होता. त्यावर पुष्कळ वाद झाले, ते इथं उगाळत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे, की तो आग्रह त्या बांबूच्या बेटापाशी जन्मला. जे रोज पाहतात त्यांना हिशेबातलं असं काही ठाऊक असतं, जे बाहेरच्याला दिसत नाही.

सांडीपाशी

आता पुन्हा आमच्या खाचरात येतो. शिकारी मासा मोठ्या गप्पींना खातो, तसा माणूस मोठ्या माशांना पकडतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कॉड माशांची मासेमारी १९९२ मध्ये बंद करावी लागली. मासे जवळजवळ संपले होते. त्याआधीच्या वर्षांत तिथले कॉड अधिकाधिक लहान वयात आणि लहान आकारात अंड्यांवर येऊ लागले होते. जाळं निवड करत होतं आणि कोणाच्या ते ध्यानात येत नव्हतं.

चढणीचा मासा तर अंडी घालायला जातानाच पकडला जातो. आज कामट्यांच्या सापळ्याजागी नायलॉनची बारीक जाळी आली आहेत, ती ओहोळाच्या या काठापासून त्या काठापर्यंत लावतात आणि त्यांतून बोटाएवढा मासाही सुटत नाही. मी कोणाला मासे खाऊ नका म्हणणार नाही. मीही खातो, आणि पहिल्या पावसातल्या त्या कालवणाची चव माझ्या जिभेवर आहे. पण ओहोळाची निम्मी रुंदी तरी मोकळी ठेवा, हे मी दर वर्षी सांडीवर उभं राहून सांगतो. पुतण्यानं गेल्या तीन पावसाळ्यांत आमच्या बांधावर ते पाळलं आहे.

निवृत्त झाल्यापासून मी एक वही ठेवली आहे. वडिलांच्या खतावणीसारखीच लाल कापडी पुठ्ठ्याची. पहिला लोंढा आला ती तारीख, सापळ्यात मिळालेल्या प्रत्येक माशाची जात, लांबी, आणि पोटात गाभोळी होती की नव्हती, एवढंच तीत लिहितो. सात पावसाळे झाले. त्रिनिदादच्या ओढ्याला अकरा लागले होते. तेव्हा चार तरी पावसाळे अजून थांबायचं आहे, आणि माझे गुडघे नाही म्हणाले तर ती वही पुतण्याच्या मुलीच्या हाती द्यायची, असं आमचं ठरलं आहे. ती सातवीत आहे. गेल्या जूनच्या शेवटच्या सात नोंदी तिच्याच अक्षरात आहेत.