विमानात ऑक्सिजनचे मास्क खाली आले तर? आधी स्वतःचा मास्क, मग बाकी सगळं

बेळगावचे सांबरा, गोव्यातील दाबोळी आणि मोपा, इंदूर, वडोदरा, हैदराबाद. या विमानतळांवरून नोकरी, दवाखाना, लग्नकार्यासाठी विमानाने जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. विमान सुटण्याआधी हवाई सुंदरी मास्क लावून दाखवते, तेव्हा मात्र बहुतेकांचे डोळे मोबाईलवर असतात. ती दोन मिनिटे का महत्त्वाची, हे २० सप्टेंबर २०१८ च्या पहाटे मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या प्रवाशांना कळले. विमान वर चढत असताना केबिनमधील हवेचा दाब राहिला नाही आणि मास्क खाली आले. १६६ प्रवाशांपैकी सुमारे ३० जणांच्या नाका-कानातून रक्त आले. विमान मुंबईला परत फिरले. इंजिनातून केबिनला हवा देणारे स्विच कर्मचाऱ्यांनी चालूच केले नव्हते, असे डीजीसीएने नंतर सांगितले.

केबिनमधील हवेचा जमाखर्च

जेट विमान साधारण ३५ हजार फुटांवर उडते. तिथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाव हिस्सा असतो आणि तापमान उणे ५० अंशांच्याही खाली. म्हणून इंजिनात दाबली गेलेली हवा थंड करून सतत केबिनमध्ये सोडली जाते. विमानाच्या मागच्या भागातील एक झडप हवी तेवढीच हवा बाहेर जाऊ देते. जमा आणि खर्चाचा मेळ बसला की दाब टिकतो. तरीही आतली हवा जमिनीसारखी नसते. ती जास्तीत जास्त ८ हजार फुटांवर, म्हणजे उटीच्या थोडे वर असावी इतकी विरळ असते.

हवा आत येणे थांबले, झडप बिघडली किंवा खिडकी-दरवाजातून हवा निसटू लागली की हा मेळ बिघडतो. केबिनमधील हवा १० हजार फुटांवरील हवेइतकी विरळ झाली की पायलटला इशारा मिळतो. साधारण १४ हजार फुटांइतकी झाली की मास्क आपोआप खाली येतात.

धोका कळतच नाही

३५ हजार फुटांवर दाब गेला तर माणसाला भानावर राहून काही करता येईल असा वेळ फक्त ३० ते ६० सेकंद. त्यातही गुदमरल्यासारखे वाटेलच असे नाही. उलट थोडी गुंगी येते, कधीकधी उगाच बरे वाटते आणि साधी गोष्टही सुचेनाशी होते.

१४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाकाहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस कंपनीच्या विमानात हेच घडले. दुरुस्तीच्या तपासणीनंतर दाब नियंत्रणाचे बटण ‘मॅन्युअल’वर राहिले होते आणि उड्डाणापूर्वी ते कुणाच्या लक्षात आले नाही. चढताना भोंगा वाजला. पण जमिनीवर असताना उड्डाणाच्या तयारीत काही चुकले तर वाजणारा भोंगाही त्याच आवाजाचा होता. पायलटांची गल्लत झाली आणि ते जमिनीवरील अभियंत्याशी बोलत राहिले. थोड्याच वेळात दोघेही बेशुद्ध पडले. विमान ऑटोपायलटवर अथेन्सजवळ घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपल्यावर डोंगरावर कोसळले. विमानातील सर्व १२१ जण गेले. त्यानंतर बोइंग ७३७ विमानांत या इशाऱ्यासाठी वेगळे दिवे बसवण्याची सक्ती झाली.

पायलट काय करतात?

पायलटही सर्वात आधी स्वतःचा मास्क चढवतात. मग दाब सावरता येतो का ते पाहतात. नाही सावरला तर विमान झपाट्याने १० हजार फुटांच्या आसपास आणतात, कारण तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. खाली डोंगर असतील तर त्यांच्या वर सुरक्षित उंचीवर थांबावे लागते. नाक खाली करून विमान वेगाने उतरू लागले की ‘विमान पडतंय’ असे वाटून आरडाओरडा होतो. प्रत्यक्षात तोच जीव वाचवण्याचा मार्ग असतो. प्रवाशांच्या मास्कमधील ऑक्सिजन बहुतेक विमानांत सुमारे १२ मिनिटे पुरतो आणि खाली यायला साधारणपणे तेवढा वेळ लागत नाही.

प्रवाशांनी काय करावे?

• मास्क जोरात खाली ओढा. ओढल्याशिवाय ऑक्सिजन सुरू होत नाही.

• नाक आणि तोंड दोन्ही झाका. १७ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत साउथवेस्टच्या विमानाची खिडकी फुटली, तेव्हाच्या फोटोंत अनेकांनी मास्क फक्त तोंडावर धरलेला दिसतो.

• पिशवी फुगली नाही तरी घाबरू नका, ऑक्सिजन येत असतो. थोडा जळका वास येऊ शकतो. ऑक्सिजन तयार करणारा डबा तापल्यामुळे तो येतो.

• आधी स्वतःचा, मग लेकराचा. आईबापाचे मन याला तयार होत नाही. पण मुलाला मास्क लावता लावता मोठा माणूसच बेशुद्ध पडला, तर दोघांनाही कोण सावरणार? आधी स्वतः लावला की मुलाला लावायला वेळ मिळतो.

• पट्टा आवळा, जागेवरच बसा. वरची बॅग काढायला उठू नका. कर्मचारी सांगेपर्यंत मास्क काढू नका.

• कान दुखले तर आवंढा गिळा, जांभई द्या. तान्ह्या बाळाला दूध पाजायचे ते मास्क काढायला सांगितल्यावरच. नाकातून रक्त आले तर पुढे वाकून नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा. उतरल्यावर डॉक्टरांना दाखवा.

बेळगावसारख्या शहरांत ये-जा करणारी पंख्यांची एटीआर विमाने २५ हजार फुटांच्या वर जात नाहीत. त्यांत वरून पडणारे मास्क सहसा नसतात. त्यामुळे प्रत्येक विमानातील सूचना वेगळ्या असू शकतात. जोराची सर्दी किंवा कानाचा त्रास असेल, हृदय वा फुफ्फुसाचा आजार असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारलेले बरे.

दाब जाण्याचे प्रसंग क्वचितच येतात आणि बहुतेक वेळा विमान सुखरूप उतरते. पण तो प्रसंग आलाच, तर विचार करायला अर्धे मिनिटही हाताशी नसते. म्हणून सूचना सुरू असताना मोबाईल दोन मिनिटे बाजूला ठेवावा.